मले समजलं नाही, असंच लिहा

ते आधी चष्मा काढायचे. खिशातल्या रुमालाने एकेक काच सावकाश पुसायचे, चष्मा परत नाकावर ठेवायचे आणि मग शाळेतल्या पोरासारखा उजवा हात कानाला लावून सरळ वर करायचे.

“मले समजलं नाही,” ते म्हणायचे. “असंच लिहा.”

तो हात वर गेला की मला पेनाचं टोपण काढावं लागायचं. कारण लिहायचं काम माझं.

मी अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका तेलाच्या कंपनीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटलं की माझ्या सासुरवाडीला, म्हणजे चांदूर रेल्वेला, अजूनही वाटतं की मी शेठचे फोन उचलतो. तसं नाही. त्यासाठी एक अवघड परीक्षा पास व्हावी लागते. ती मी कितव्यांदा पास झालो हे बायको पाहुण्यांना सांगते, मी सांगत नाही. आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. म्हणजे ज्यांनी आमचं फाटकसुद्धा कधी पाहिलं नाही अशी हजारो माणसं तिची मालक आहेत. त्यांच्या वतीने शेठला कोणीतरी प्रश्न विचारावेत म्हणून कायद्याने संचालक मंडळावर काही बाहेरची माणसं बसवावी लागतात. त्यांना स्वतंत्र संचालक म्हणतात. आमचे एक स्वतंत्र संचालक म्हणजे हे अमरावतीचे सर.

कायद्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, एकटे, किडकिडीत, बुशशर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. शेठच्या वडिलांच्या ओळखीचे. शेठचा हिशेब सरळ होता. मास्तर माणूस आहे, वर्षातून चार वेळा येईल, जेवेल, सही करेल, जाईल.

सर पहिल्याच सभेला स्वतःचा डबा घेऊन आले. ज्वारीची भाकर, चून म्हणजे आमचं पिठलं, आणि हिरवी मिरची. शेठने काजूकतलीचं ताट पुढे सरकवलं तर ते म्हणाले, “सभा झाल्यावर घेतो. आधी खाल्लं तर मले प्रश्न गोड येतात.” आणि पहिल्याच विषयावर हात वर.

असा एखादा माणूस तुमच्याही सोसायटीत, शाळेच्या समितीत, देवळाच्या पंचांत असेल. सगळे माना हलवत असतात, चहा निवत असतो आणि हा हात वर करतो. त्या क्षणी आपल्याला त्याचा राग येतो. खरं म्हणजे आपल्यालाही समजलेलं नसतं.

आता माझं पाप सांगतो. संचालकांच्या सभेत काय झालं त्याची नोंद ठेवावी लागते, तिला मिनिट्स म्हणतात. ती मी सभेच्या आधीच लिहून ठेवायचो. पंगत बसण्याआधी ढेकर दिल्यासारखं आहे हे, पण या धंद्यातले पुष्कळ जण देतात. विषय ठरलेले, शेठचं उत्तर ठरलेलं, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ ठरलेलं. सभेत मी फक्त तारीख आणि चहाची वेळ पाहायचो. सर आल्यापासून माझी ती तयार पानं बिघडायला लागली. मग मी त्यांच्या बोलण्याला इस्त्री करायचो. ते म्हणत “मले समजलं नाही”. मी लिहायचो, ‘संचालकांनी अधिक माहिती मागितली.’

मिनिट्सचा मसुदा सगळ्या संचालकांना वाचायला पाठवावा लागतो. दर वेळी सरांचा फोन यायचा.

“मी माहिती मागितली काय?”

“सर, समजलं नाही असं लिहिलेलं बरं दिसत नाही.”

“मी बरा दिसायले येतो काय अकोल्याले? असंच लिहा.”

मी लिहायचो. शेठ वाचून माझ्याकडे पाहायचे, म्हणायचे, “तू बी त्यायच्याच शाळंतला दिसतं,” आणि सही करायचे. आमच्या शेठचं एक आहे. माणूस तोंडाने फाटका, पण सही करताना पान वाचणार.

आमच्याकडे एक सॉल्व्हंट प्लांट आहे. घाण्यातून तेल निघाल्यावर ढेपेत, म्हणजे पेंडीत, जे तेल उरतं ते तिथे एका द्रवात भिजवून काढतात. तो द्रव म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवर पसरते, सखल जागी साचते आणि दिसत नाही. एक ठिणगी पुरते. म्हणून त्या शेडात मोबाईल न्यायचा नाही, खिळ्याचे बूट घालायचे नाहीत, आणि भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर वाफ हुंगणारी यंत्रं बसवलेली असतात. वाफ वाढली की भोंगा वाजतो. हे सगळं मी वार्षिक अहवालात उत्तम भाषेत लिहिलेलं आहे. शेडात मात्र एकोणीस वर्षांत मी पाय ठेवला नव्हता. माझं टेबल शेडापासून शंभर पावलांवर, आणि त्या शंभर पावलांबद्दल मी देवाचे आभार मानायचो.

मग आमच्याकडे सतत सुधारणेचं वारं आलं. प्रत्येक खात्याने आपल्या चुका मोजायच्या, फळ्यावर लावायच्या आणि महिन्या-महिन्याला कमी करून दाखवायच्या. चूक झाली की लाल टिकली, नाही झाली की हिरवी. टिकल्या मीच गांधी रोडवरून आणल्या होत्या. सॉल्व्हंट प्लांटच्या फळ्यावर एक रकाना होता: ‘भोंगा विनाकारण वाजणे’. तो आलेख उतरत उतरत शून्यावर आला. मी तो हिरव्या रंगात अहवालाच्या मधल्या पानावर छापायला घेतला. इतका सुंदर आलेख मी आयुष्यात काढला नव्हता.

त्या सभेला सर येऊ शकले नाहीत. त्यांची छाती धरली होती, डॉक्टरने प्रवास बंद केला होता. अमरावतीहून ते पडद्यावर आले, मफलर गुंडाळून. सुरक्षा अहवालाचा विषय निघाला, मी आलेख दाखवला, सगळ्यांनी माना हलवल्या. पडद्यावर सरांनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आला हात.

“भोंगा वाजत नाही हे समजलं,” सर म्हणाले. “काहून वाजत नाही, हे मले समजलं नाही. कोणी पाहून आलं काय तिथं?”

आणि नेट गेलं. पडद्यावर त्यांचा हात वर तसाच थिजला, मग तोही गेला. आम्ही दोन-तीनदा लावून पाहिलं. शेठ घड्याळाकडे पाहून म्हणाले, “चला, पुढचा विषय घ्या. सरले मी नंतर समजावतो.”

माझ्या पुढ्यातल्या पानावर आदल्या दिवशीच छापलेलं होतं: ‘सर्व उपस्थित संचालकांनी अहवाल तपासून समाधान व्यक्त केले. सर्वानुमते मंजूर.’

मी ते तसंच राहू दिलं. तुम्ही म्हणाल, एक ओळ तर होती. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण मसुदा सरांना पाठवायचा तर हात उठेना. दोन दिवस गेले, चार गेले. बायकोने ताटाकडे पाहून विचारलं, “काहून पोई टाकून राहिले? पुन्हा परीक्षा देऊन राहिले काय?” जठारपेठेतल्या आमच्या घरात माझी भीती अशी जेवणावरून मोजली जाते.

शेवटी रविवारी मी मसुदा हातात घेऊन पॅसेंजरने अमरावतीला गेलो. मनात म्हटलं, आजारी माणूस आहे, न वाचता सही करेल. इतका मी खाली आलो होतो.

सरांचं घर अंबापेठेत, मागच्या बाजूच्या दोन खोल्या. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर चादर. चहा पाहिजे असेल तर शेजारच्या ताईंना हाक मारा म्हणाले. मी म्हटलं, मी करतो की, त्यात काय.

“तुमी करा. मी त्या शेगडीजवळ जात नाही. मले गॅस पेटवायचं भेव वाटते. रोज सकाळी ताई येऊन पेटवून देतात आणि बंद करून जातात.”

मला वाटलं थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. त्यांना एसटीच्या पहिल्या सीटवर बसायची भीती वाटे, गच्चीच्या कठड्याशी जायची वाटे, कुत्र्याची तर फारच वाटे. वर्गात पहिल्या तासाला त्यांचे पाय कापायचे, तेही निवृत्त होईपर्यंत. आणि इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस कोणाच्या बापाला भीत नाही.

“अरे बाप्पा, मी भितो म्हणूनच तर विचारतो,” ते म्हणाले. “धीट माणूस कशाले विचारते? कायद्याले मंडळावर एक तरी भित्रा माणूस पायजे असते. म्हणून मले बसवलं.”

मग त्यांनी हात पुढे केला. मी मसुदा दिला. ते वाचत गेले, बोट ओळीखाली सरकत गेलं आणि त्या ओळीशी थांबलं. शेगडीवर माझा चहा उतू गेला, तो पुसायलाही मी उठलो नाही.

“हे मी केव्हा म्हटलं?”

“सर, नेट गेलं होतं.”

“माझं नेट गेलं. तुमचे कान तर तिथंच होते ना?”

मी खाली पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मसुद्याची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

“मले आता येणं होत नाही. माझ्या ऐवजी तुमी पाहून या. मंग जे खरं असंन ते लिहा.”

सोमवारी सकाळी मी शेडाच्या फाटकावर मोबाईल ठेवला, बूट काढून तिथल्या रबरी चपला घातल्या आणि आत गेलो. तिथला एक जुना ऑपरेटर सोबत आला. माझ्याच वयाचा, गमतीदार माणूस. “सायेब आज इकडं कसे? रस्ता चुकले काय?” म्हणाला. आत गोडसर, डोकं जड करणारा वास होता. पेट्रोल पंपावर येतो तसा, पण पंप उघड्यावर असतो. इथे छप्पर होतं.

मी त्याला विचारलं, वाफ हुंगणारी यंत्रं कुठे आहेत. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. गुडघ्याच्या उंचीवर एक खताची रिकामी प्लॅस्टिकची थैली होती, सुतळीने घट्ट बांधलेली. यंत्र तिच्या आत होतं. पुढे दुसरं, तेही तसंच. तिसऱ्याला तर गाठ मारून वर फुलासारखी टोकं काढलेली.

“भोंगा लय वराडे जी,” तो म्हणाला. “वराडला का वरून विचारणं, काहून वाजला. मंग फारम भरा. मंग फळ्यावर लाल टिकली. सगळ्या खात्यात आमचीच लाल. मंग कोणं तरी बांधलं. आता पाहा, हिरवीच हिरवी.”

टिकल्या माझ्याच होत्या. आलेख माझा होता.

मी म्हटलं, अहो, पण वास येतोय ना.

त्याने नाक वर करून दोनदा हुंगलं. “तुमाले येते काय? आमाले नाई येत आता.”

तेव्हा मला माझ्या घोट्यांशी काहीतरी गार लागल्यासारखं वाटलं. खरंच होतं की मनाचं, देव जाणे. मला वाटलं, मी गुडघाभर पाण्यात उभा आहे आणि ते पाणी फक्त दिसत नाही. लांब कुठेतरी एक लोखंडी पाना फरशीवर पडला. नुसता आवाज झाला. मी डोळे मिटून घेतले. मला पुण्यात शिकणारी माझी मुलगी दिसली, बायकोचं ते पोळीचं ताट दिसलं. उघडले तेव्हा ऑपरेटर माझ्याकडे पाहून हसत होता. घरी मी सांगितलं की बाकीच्यांनी घाबरू नये म्हणून मी हळूहळू चालत बाहेर आलो. खरं कारण असं की पाय उचलत नव्हते.

तिथून मी तडक शेठकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. घाबरले तेही, मला दिसलं. पण सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता, फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. पिशव्या आत्ता काढायला लावतो म्हणाले, पण प्लांट बंद ठेवून यंत्रं तपासायचं हंगाम संपल्यावर पाहू. आणि हे कागदावर नको. शेवटी म्हणाले, “तुले नोकरी नकोशी झाली काय?” हे ते ओरडून म्हणाले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

टेबलाशी येऊन मी सरांना फोन लावला.

“भेव वाटलं?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“हो सर. फार.”

“बरं झालं. आता लिहा.”

मी ‘सर्वानुमते’ खोडलं. लिहिलं, की भोंगा का वाजत नाही हे समजलं नाही असं अमरावतीच्या संचालकांनी म्हटलं, त्याच वेळी त्यांचा संपर्क तुटला, आणि त्यांची संमती घेतली गेली नाही. सोबत शेडात काय पाहिलं ते वेगळ्या चिठ्ठीत. सगळ्या संचालकांना एकदम पाठवायचं बटण दाबताना माझं बोट इतकं कापत होतं की ते दोनदा दाबलं गेलं. प्रत्येकाला दोन-दोन प्रती गेल्या. शूरपणाचं माझं एकच काम, तेही असं.

तासाभरात नागपूरच्या संचालकबाईंचा शेठला फोन आला, आधी प्लांट बंद करा म्हणून. दुपारी प्लांट थांबला. पिशव्या निघाल्या, यंत्रं नवी बसली, आणि लागल्या लागल्या तीनही यंत्रं एकदम ओरडली. शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत. सरांनी मसुदा परत पाठवला तेव्हा माझ्या वाक्यापुढे पेन्सिलीने एक ओळ घातली होती: ‘संचालकांना भीती वाटते, असेही नोंदवावे.’ मी तीही घातली.

पुढच्या सभेच्या चार दिवस आधी सर गेले. मी अमरावतीला पोचलो तेव्हा ताई दाराशी बसल्या होत्या. म्हणाल्या, सकाळी दोनदा विचारलं, गॅस बंद केला ना, पाहून या. त्या पाहून आल्या तोवर झालं होतं.

सभा ठरल्या दिवशीच झाली. आधी दोन मिनिटं उभे राहिलो. मग मागच्या सभेचे मिनिट्स सहीसाठी शेठपुढे ठेवले. शेठने नेहमीप्रमाणे पान वाचलं आणि पेन त्या ओळीवर अडलं.

“आता तर ते नाहीत,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “हे भीतीबितीचं राहू द्यायचंच काय?”

मी मंडळावर नाही. सभेत मला मत नाही. मी वहीत तारीख लिहायला लागलो. आणि तेवढ्यात शेडाचा भोंगा वाजला.

चाचणी शुक्रवारी असते. तो बुधवार होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि मग खुर्च्या मागे सरल्या. फाटकाशेजारी कडुनिंबाखाली जमायची जागा आखलेली आहे, तिथे सगळे जाऊन उभे राहिलो: संचालक, कारकून, हमाल, ढेप लागलेल्या हातांची माणसं. भोंगा चालूच. शेठच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि त्यांच्या हातात ते मिनिट्सचं पान होतं, घाईत तसंच आणलेलं. मला तो गार स्पर्श पुन्हा घोट्याशी जाणवत होता, उघड्या हवेत, उन्हात.

बऱ्याच वेळाने शेडातून ऑपरेटर बाहेर आला. या वेळी हसत नव्हता. एका नळाचा जोड सुटत आला होता, बंद केला म्हणाला. खाली साचलं होतं. भोंगा थांबला.

शेठने पान उलगडलं. टेकायला काही नव्हतं, म्हणून मी वाकलो, आणि त्यांनी माझ्या पाठीवर ठेवून सही केली. एकही शब्द न खोडता. कंपनीला माझ्या पाठीचा इतका थेट उपयोग प्रथमच झाला.

आत जायला निघालो तर फाटकावरचा नवा वॉचमन आडवा आला. यादी जुळल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, हा नियमही सरांनीच हात वर करून लिहायला लावला होता. त्याच्या हातात सभेला येणाऱ्यांची यादी होती. ती मी सभेच्या नोटिशीबरोबरच, सवयीने, आधीच छापून फाटकावर देऊन ठेवली होती. तो एकेकाला विचारत पेन्सिलीने खूण करत गेला. शेठ. नागपूरच्या बाई. मी.

“अमरावतीचे सर?”

शेठने हातातल्या पानाची घडी घातली.

“अमरावतीचे सर?” त्याने मोठ्याने विचारलं. मग सगळ्यांवरून नजर फिरवली. “एक माणूस कमी हाय सायेब. आत राहिले काय ते? म्हातारे हायेत म्हणे, मी पाहून येतो.”

तो इमारतीकडे वळला. मी त्याला थांबवायला हवं होतं. माझा हात वर गेला, कानाशी, सरळ. म्हणालो, “त्यांच्या ऐवजी मी आहे.”

“तुमच्यावर तर खूण केली जी,” तो म्हणाला. “एकाच माणसाले दोनदा कसं मोजू?”

मग शेठ पुढे झाले. मला वाटलं, ते सांगतील. पण त्यांनी वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेही सभेच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहत राहिले. आम्ही सगळेच तिकडे पाहत उभे होतो, चष्मा पुसत कोणी बाहेर येतं का म्हणून.